बाहुली तीच, हात स्वस्तातले: हे योग्य आहे का?

गंगापूररोडकरीण (धागाकर्ती)

बाहुलीनाट्यावर इथे धागा आलेला आठवत नाही, म्हणून काढतेय.

नाशिकमध्ये शाळांच्या स्नेहसंमेलनांत आणि सोसायट्यांच्या गणपतीत बाहुल्यांचे खेळ करणारे एक काका आहेत. नाव मुद्दाम देत नाही. त्यांनी स्वतः घडवलेली एक आजोबा-बाहुली आहे. मुलं काकांना ओळखत नाहीत, आजोबांना ओळखतात. मध्यंतरी काकांनी एका इव्हेंट कंपनीशी करार केला. बाहुल्या, संहिता आणि त्यांच्या आवाजातलं रेकॉर्डिंग, सगळं कंपनीकडे गेलं. सुरुवातीला खेळ तेच करायचे. आता कंपनी त्यांना बोलावतच नाही. दोन नवी मुलं येतात, स्पीकरवर काकांचा आवाज लागतो आणि आजोबांचं तोंड आपलं उघडतं-मिटतं. पोस्टरवर फोटो जुनाच, काकांचा. नाव मात्र नाही. शाळेचा खर्च मात्र एक पैशाने कमी झालेला नाही. पालक-शिक्षक संघात असल्यामुळे हे मला ठाऊक आहे.

आमच्या शाळेत दुसरीतल्या एका मुलीने मध्येच ओरडून विचारलं, "आजोबा, तुमचा चष्मा कुठंय?" पूर्वी असल्या प्रश्नावर खेळ बाजूला राहायचा आणि हसून हसून पुरेवाट व्हायची. यावेळी आजोबा तिच्याकडे न बघता पुढचं वाक्य बोलून मोकळे झाले.

कंपनी म्हणते, करार आहे, बाहुली आमची, कोणी चालवायची ते आम्ही ठरवू. कायद्याने असेलही तसं. काकांच्या जागी दुसरं कुणी आलं म्हणून माझी तक्रार नाही. कधी ना कधी कुणीतरी येणारच. पण येणारा स्वस्त पडतो एवढ्याच कारणाने आला आणि ते आम्हाला कळूही दिलं नाही, हे मला खटकतंय. तुमचं काय मत?

सातपूर_दुसरी_पाळी

यात नवीन काय आहे ताई? आमच्याकडे पर्मनंट माणूस रिटायर झाला की त्याच मशिनवर कंत्राटी उभा करतात. गणवेश तोच, टार्गेट तेच, पगार निम्मा. त्यावर कुणी धागा काढत नाही. बाहुलीवाल्यांचं दुःख तेवढं सांस्कृतिक, आमचं औद्योगिक.

गंगापूररोडकरीण

@सातपूर, तुमचा मुद्दा खरा आहे आणि टोमणाही पोचला. फरक एकच. तुमच्या मशिनवर तयार झालेल्या मालावर जुन्या कामगाराचा फोटो छापत नाहीत.

इव्हेंटवाला_भाऊ

मी याच धंद्यात आहे. वरची कंपनी माझी नाही, हे आधीच सांगतो.

लोकांना वाटतं आम्ही बसल्या जागी मलई खातो. डिसेंबर-जानेवारीत सगळ्या शाळांची स्नेहसंमेलनं एकमेकांच्या अंगावर येतात. सकाळी इंदिरानगर, दुपारी सिन्नर, संध्याकाळी ओझर. एक काका तीन ठिकाणी कसे जाणार? टेम्पो, साउंड, पडदा, जीएसटी, हमालाचा चहा. शाळेचा चेक येईपर्यंत उन्हाळ्याची सुट्टी लागते, कलाकाराला मात्र त्याच संध्याकाळी रोख लागतात. आवाज रेकॉर्ड केला की खेळ सगळीकडे सारखा होतो. काकांचा घसा, काकांचे गुडघे, काकांचा मूड यांच्या भरवशावर मी तारखा घेऊ शकत नाही.

आणखी एक, कडू लागेल. बऱ्याच जुन्या कलाकारांना दुसऱ्याला शिकवायचंच नसतं. "माझ्यासारखं कुणाला जमणार नाही" यातच त्यांना समाधान. मग जागा रिकामी झाली की जो मिळेल तो घ्यावा लागतो.

बुकिंगखिडकी

व्यावसायिक नाटकात रिप्लेसमेंट रोजचीच आहे. नटाला मालिका मिळते, तारखा जमत नाहीत, निर्माता दुसरा उभा करतो. नव्याची नाईट, म्हणजे प्रयोगाचं मानधन, कमी असते हेही सगळ्यांना माहीत आहे. त्याला अन्याय कुणी म्हणत नाही, कारण पेपरातल्या जाहिरातीत नाव बदललेलं असतं. कालिदास नाट्यगृहाच्या खिडकीवर नाव वाचून मी परत फिरलेलो आहे, आणि नवा नट पाहावा म्हणून तेच नाटक पुन्हाही पाहिलेलं आहे. निवड माझी होती.

बाहुलीच्या खेळात चेहरा बाहुलीचा असतो. नट बदलला तर शेवटच्या रांगेतल्या आजीलाही कळतं, पडद्याखालचा हात बदलला तर कुणाला कळणार? लपवणं फुकट पडतं म्हणून लपवतात.

चिमणीचे_दात

मुलांना काही फरक पडत नाही हो. त्यांना रंगीत काहीतरी हलताना दिसलं की झालं. आपणच भावुक.

काठी_कापूस_फेव्हिकॉल

@चिमणीचे_दात, मुलांनाच सगळ्यात आधी कळतं, फक्त ती सांगत नाहीत. शेजारच्याला चिमटे काढायला लागतात.

मी हौशी बाहुलीवाला. डीएड करताना एका शिबिरात शिकलो, पुढे शाळेत गणित शिकवायला वापरत राहिलो. लोकांना वाटतं हात घातला की बाहुली बोलते, म्हणून थोडं सांगतो.

तोंड उघडणाऱ्या बाहुलीत चार बोटं वरच्या जबड्यात आणि अंगठा खालच्या जबड्यात असतो. नवशिका चारही बोटं वर उचलतो, त्यामुळे प्रत्येक शब्दाला बाहुलीचं डोकं मागे पडतं आणि ती छताशी बोलल्यासारखी दिसते. खरं म्हणजे वरची बोटं स्थिर ठेवून अंगठा खाली न्यायचा असतो. दुसरी चूक म्हणजे शब्दावर तोंड मिटणं. बोलणं म्हणजे तोंड उघडणं. नवशिका नेमकं उलट करतो आणि बाहुली शब्द चावत सुटते. हे सुटायला काही महिने आरशासमोर घालवावे लागतात. हात डोक्यावर उंच धरून, खांदा भरून येईपर्यंत.

त्यानंतर नजर. बाहुलीचे डोळे रंगवलेले असतात, फिरत नाहीत. ती "बघते" ते मनगटाच्या किंचित कलण्यामुळे. मुलीच्या प्रश्नाला उत्तर नाही दिलं तरी चालेल, पण मान तिच्याकडे वळली पाहिजे. वळली नाही की त्या क्षणी बाहुलीचं कापड होतं.

शब्दभ्रम हा वेगळाच डोंगर. ओठ न हलवता प, फ, ब, भ, म म्हणता येत नाहीत. जिभेने त्यांच्या जवळपासचे ध्वनी काढून ऐकणाऱ्याला फसवावं लागतं. "बाबा"सारखा पहिला शिकलेला शब्दच सगळ्यात अवघड. आता सांगा, याला रेट लावताना किती दिवसांची तालीम धरायची?

म्हसरूळची_माई

अर्धवटरावांचा प्रयोग मी लहानपणी पाहिला आहे, आवडाबाईसकट. ते बाहुले मुळात यशवंत केशव पाध्यांचे. त्यांच्यानंतर मुलगा रामदास पाध्यांनी चालवले, आणि आता नातू सत्यजितही त्याच वाटेवर आहेत. अर्धवटरावांचा खट्याळपणा तसूभर कमी झाला नाही. तात्या विंचूही रामदास पाध्यांनीच घडवलेला, लिज्जत पापडाचा ससाही त्यांचाच. हात बदलला म्हणून बाहुली मरत नाही, एवढंच मला म्हणायचं होतं. पण तिथे मुलगा वडिलांच्या मांडीवर बसून शिकला.

सातपूर_दुसरी_पाळी

माई, म्हणजे कला घराण्यातच राहिली पाहिजे? मग आमच्यासारख्याच्या पोराने बाहुलीला हात कधी लावायचा?

म्हसरूळची_माई

तसं नाही रे बाळा. मांडी शिकवणाऱ्याची असली म्हणजे झालं, बापाचीच पाहिजे असं नाही.

कुडाळचो_नाशकात

आमच्या पिंगुळीचं नाव अजून कसं आलं नाही? कुडाळ तालुक्यातलं गाव. तिथला ठाकर समाज कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या सावल्यांच्या बाहुल्या आणि चित्रकथी (चित्रं दाखवत कथा सांगणं) हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या करत आला आहे. सावंतवाडी संस्थानाचा आश्रय होता. तो गेल्यावर कलेची आबाळ झाली. परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्यात संग्रहालय उभं केलं, २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. गोठ्यात, लक्षात घ्या. टीव्हीवर बातमी आली तेव्हा अंबडच्या आमच्या कँटीनमध्ये अर्ध्या लोकांना वाटलं, पिंगुळी हे बाहुलीचं नाव आहे.

स्वस्तातल्या पर्यायाची गोष्ट आमच्याकडे वेगळी होते. रिसॉर्टवाले 'पारंपरिक बाहुल्यांचा खेळ' असा फलक लावतात आणि बाजारात मिळणाऱ्या राजस्थानी कठपुतळ्या घेऊन कुणीतरी हिंदी गाण्यावर नाचवतो. पर्यटक खूश, मालक खूश. पिंगुळीचा माणूस दोन तासांवर घरी बसलेला असतो, कारण तो आख्यान लावणार आणि वेळ जास्त घेणार. कुणी कुणाला काढून टाकलेलं नाही, करारही नाही, कोर्टात जायला काही नाही. तरी जागा गेली ती गेलीच.

एडिसनचा_नाशिककर

इकडे अमेरिकेत या विषयावर मोठं रण माजलं होतं, ते सांगतो. लांब होईल.

मपेट्स या टीव्हीवरच्या बाहुल्यांमधला बेडूक कर्मिट सगळ्यांना माहीत असेल. जिम हेन्सनने तो १९५५ मध्ये आईच्या जुन्या हिरव्या कोटाच्या कापडातून केला, डोळे पिंगपाँगच्या चेंडूचे. १९९० मध्ये हेन्सन अचानक गेला. घरच्यांनी कर्मिट स्टीव्ह व्हिटमायरच्या हाती दिला. तो १९७८ पासून हेन्सनच्याच चमूत होता. म्हणजे मूळ कलाकाराचा वारसही एका अर्थी बदलीच, पण बारा वर्षं शेजारी उभं राहून तयार झालेला.

२००४ मध्ये डिस्नेने मपेट्स विकत घेतले. एवढ्या मोठ्या कंपनीला एक कर्मिट कसा पुरणार? जाहिरात, परेड, टीव्ही, सगळीकडे एकाच दिवशी हवा. २००९ मध्ये काही कार्यक्रमांत कर्मिट दुसऱ्याच कलाकाराने चालवला. चाहत्यांनी आवाजाच्या पहिल्या वाक्यात ओळखलं आणि आरडाओरडा केला.  इव्हेंटवाल्या भाऊंचं सकाळी इंदिरानगर, दुपारी सिन्नर वाचलं आणि हेच आठवलं.

२०१६ च्या ऑक्टोबरात व्हिटमायरला काढलं, बाहेर कळलं २०१७ च्या जुलैत. तो म्हणाला, कर्मिट असा वागणार नाही असं मी वारंवार सांगत होतो, शिवाय युनियनच्या बाबतीत वाद होता, म्हणून काढलं. डिस्ने म्हणाली, अनेक वर्षं वागणूक व्यावसायिक नव्हती. माझी सहानुभूती सरळ व्हिटमायरकडे होती, पण हेन्सनची मुलं डिस्नेच्या बाजूने उभी राहिली. लिसा हेन्सन म्हणाली की त्याने स्वतःच्या भूमिकेसाठी पर्यायी कलाकार तयार करायला कायम विरोध केला. भाऊ, तुमचा कडू मुद्दा इथे बसतो, कबूल.

उलट उदाहरणही त्याच गोतावळ्यातलं. सेसमी स्ट्रीट या मुलांच्या टीव्ही मालिकेतला बिग बर्ड १९६९ पासून कॅरोल स्पिनी करायचा. आठ फुटी पक्ष्याच्या पोटात शिरून, उजवा हात डोक्यावर उंच धरून मान चालवायची आणि बाहेरचं दृश्य छातीला बांधलेल्या छोट्या पडद्यावर बघायचं. त्याच्या हाताखाली मॅट व्होगेल १९९०च्या दशकापासून पर्यायी कलाकार म्हणून तयार होत राहिला. वयामुळे तोल सांभाळणं जमेना तेव्हा २०१५ मध्ये स्पिनीने अंगमेहनत त्याच्याकडे सोपवली, आवाज मात्र स्वतः देत राहिला. २०१८ मध्ये निवृत्त झाला. कुठे आरडाओरडा नाही. आणि गंमत म्हणजे व्हिटमायरनंतर कर्मिटही याच व्होगेलकडे गेला. माणूस तोच. एका बाहुलीसाठी तो वारस ठरला, दुसरीसाठी घुसखोर.

खमंग_कोंडाजी

पॉपकॉर्नऐवजी चिवडा घेऊन बसलोय. चालू द्या.

बुकिंगखिडकी

@एडिसनचा, फार छान. जपानच्या बुनराकू या बाहुलीनाट्यात एक बाहुली तिघे चालवतात: एक डोकं आणि उजवा हात, एक डावा हात, एक पाय. म्हणतात, पायाला दहा वर्षं, डाव्या हाताला दहा वर्षं, मग मुख्य. ज्येष्ठाचं नाव शिष्याने धारण करायची रीतही आहे. २०१५ मध्ये असाच एक कलाकार आपल्या गुरूच्या नावाने दुसरा योशिदा तामाओ झाला, आधीचा २००६ मध्ये वारला होता. नऊ वर्षं ते नाव रिकामं ठेवलं. आपल्या कंपनीने नवा माणूस आणायला नऊ दिवस तरी घेतले असतील का कोण जाणे.

सुरगाण्याचा_पाव्हणा

जपानला कशाला जाता, सुरगाण्याला या. आमच्याकडे बोहाडा असतो. लाकडाचे, कागदाच्या लगद्याचे मुखवटे, संबळ, पिपाणी, रात्रभर सोंगं. आमच्या गावात कोणतं सोंग कोणत्या घराचं ते ठरलेलं आहे. मुखवटा त्या घरात, नाचायचा मानही त्या घराचा. म्हातारा नाचेनासा झाला तर पोरगा नाचतो, पोरगा पुण्याला कंपनीत असला तर पुतण्या. बाहेरच्या कुणाला द्यायचं तर त्या घराला विचारून. मुखवट्याआड कोण आहे ते अख्ख्या गावाला माहीत असतं. पायाच्या ठेक्यावरून ओळखतात आणि दुसऱ्या दिवशी तोंडावर सांगतात, "तुझ्या बापाचा ठेका नाही आला."

तुमच्या शहरात अडचण ही आहे की तोंडावर सांगायला कुणी नाही. शाळा कंपनीला ओळखते, कंपनी पोरांना ओळखते, काकांना कुणीच नाही.

वर्गशिक्षिका_ब_तुकडी

शाळेच्या बाजूने लिहिते. आम्ही तीन कोटेशनं मागवतो. कागदावर एवढंच असतं: बाहुलीनाट्य, कालावधी एक तास, दर अमुक. "सादर करणार कोण" असा रकानाच नाही. व्यवस्थापन सगळ्यात कमी आकड्याखाली सही करतं. गाण्याच्या कार्यक्रमाला गायकाचं नाव विचारल्याशिवाय कुणी दर ठरवत नाही, बाहुलीवाल्याचं विचारत नाही. तो दिसतच नाही ना. पुढच्या वर्षी मी तो रकाना घालायला लावणार आहे. मान्य होईल असं सांगत नाही, आमचे ट्रस्टी सिंहस्थाच्या गर्दीपेक्षा अवघड आहेत.

पडद्याखालचा

खूप वेळ वाचत होतो. मी त्या दोघांतला नाही, पण तसलाच आहे.

कॉलेजात एकांकिका केल्या, स्पर्धांना गेलो, मग घरचे म्हणाले आता पुरे. एका इव्हेंटवाल्याने बोलावलं. ऑफिसात बाहुली हातात दिली, मोबाइलवर जुन्या खेळाचा व्हिडिओ पाठवला, म्हणे बघून घे, परवा शो आहे. शोचे जे मिळतात त्यात पेट्रोल आणि वडापाव भागतो. कधी पाववडा.

वर एका दादांनी लिहिलं, तोंड जुळायला महिने लागतात. बरोबर आहे. पण ट्रॅकमध्ये मूळ कलाकार श्वास कुठे घेतो हे कळायला तो ट्रॅक घरी ऐकायला तरी मिळायला पाहिजे ना भो. देत नाहीत, कॉपी करशील म्हणतात. शोच्या आधी एकदा लावून दाखवतात, तेही साउंड चेक म्हणून.

पोरं प्रश्न विचारतात ते मला ऐकू येतात. उत्तरही सुचतं, नाटकातलाच आहे मी. पण मला माइक नाही. उत्तर दिलं तर आवाज वेगळा निघणार आणि सगळं भांडं फुटणार. म्हणून आम्हाला सूचनाच आहे की प्रेक्षकांकडे बाहुली वळवायची नाही. त्या मुलीच्या चष्म्याबद्दल वाचलं. ज्याने तेव्हा बाहुली चालवली असेल त्याला ऐकू आलं असणार, एवढं सांगतो.

आणि तो ट्रॅक काकांचा आवाज भारी म्हणून वाजवत नाहीत. तो पेन ड्राइव्हवर असला की खाली कुणीही चालतो. आज काकांना काढता आलं. उद्या मी शंभर रुपये जास्त मागितले की मलाही काढता येतं, खेळ तसाच चालतो. मला तुम्ही लोक "स्वस्तातला" म्हणताय. स्वस्त मी नाही झालो, मला केलंय.

गंगापूररोडकरीण

@पडद्याखालचा, शीर्षक बदलता येत असेल तर संपादकांना सांगते. "हात" स्वस्तातले नसतात.

इव्हेंटवाला_भाऊ

ट्रॅक न देणं चूक आहे. आमच्याकडे देतो. पण मूळ प्रश्न तसाच आहे. जिवंत आवाज म्हणजे दोन तयार माणसं, तालीम, तालमीचे पैसे. कोटेशन वाढलं की ब तुकडीच्या बाईंचे ट्रस्टी तिसऱ्या कंपनीकडे जाणार. सुरुवात मी एकट्याने का करू?

चिमणीचे_दात

दोन वर्षांत एआय काकांचा आवाज काढेल आणि पोरांच्या प्रश्नांना उत्तरंही देईल. वाद मिटला.

काठी_कापूस_फेव्हिकॉल

उत्तर देईल हो. मान कोण वळवणार?

कोर्टाची_पायरी

वकील आहे, उशिरा आले. भावना बाजूला ठेवून कागदाचं बोलू. हा सल्ला नव्हे, माहिती आहे.

आपल्या कॉपीराइट कायद्यात, १९५७ च्या, सादरकर्त्याचे हक्क वेगळे दिलेले आहेत. सादरकर्ता कोण याची यादी मजेशीर आहे: नट, गायक, वादक, नर्तक, कसरतपटू, जादूगार, अगदी गारुडीसुद्धा. बाहुलीवाल्याचं नाव नाही, पण "सादरीकरण करणारी इतर कोणतीही व्यक्ती" असे शब्द आहेत, त्यात तो बसतो. हा हक्क सादरीकरणाच्या पुढच्या वर्षापासून पन्नास वर्षं टिकतो. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ३८-ख आलं. त्यानुसार हक्क दुसऱ्याला दिले तरी आपलं सादरीकरण आपल्या नावाने ओळखलं जावं, आणि आपल्या नावलौकिकाला बाध येईल अशी त्याची मोडतोड होऊ नये, असं सादरकर्ता म्हणू शकतो. नाव गाळणं सादरीकरण वापरण्याच्या पद्धतीमुळेच भाग असेल तर अपवाद आहे. काकांचा आवाज वाजतो आणि पोस्टरवर काकांचं नाव नाही, हे त्या अपवादात बसतं असं मला वाटत नाही.

दुसरा मुद्दा. बाहुली ही वस्तू विकणं आणि तिच्या रूपाचे, संहितेचे हक्क देणं या दोन वेगळ्या गोष्टी. वस्तू कंपनीची झाली म्हणून हक्कही गेले असं होत नाही. हक्क लेखी दिले पाहिजेत. आणि लेखात मुदत लिहिलेली नसेल तर कलम १९ प्रमाणे ती पाच वर्षं धरतात. प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता.

धागाकर्तीने कराराची एक गोष्ट सांगितली तर बरं होईल: मुदत आहे का?

गंगापूररोडकरीण

आत्ताच काकांशी फोनवर बोलले. पानभराचा कागद आहे. सही २०१९ ची. मुदत वगैरे काही लिहिलेलं नाही. "कायमचं" असाही शब्द नाही.

खमंग_कोंडाजी

चिवडा संपला पण उठवत नाही.

कोर्टाची_पायरी

म्हणजे कलम १९ ची पाच वर्षं उलटली. तरी बाकीचे शब्द बघावे लागतील. कागदाचा फोटो इथे टाकू नका. व्यनि (खासगी निरोप) करा, नावं झाकून. मूळ प्रत काकांकडेच राहू द्या, कुणी "झेरॉक्स काढून देतो" म्हणून मागितली तरी देऊ नका.

सातपूर_दुसरी_पाळी

म्हणजे काका जिंकले तर ती दोन पोरं घरी बसणार. मी आधीच म्हणालो होतो.

पडद्याखालचा

दादा, आम्ही तसेही एप्रिलपासून घरीच असतो.

@गंगापूररोडकरीण ताई, काका शिकवतात का? रविवारी मी मोकळा असतो. तोंड जुळवायचं आणि ते मनगटाचं. फी जमेल तशी देईन.

गंगापूररोडकरीण

विचारलं होतं, तुम्ही लिहिलंत तेव्हाच. म्हणाले, येऊ दे, पण हात वर धरून अर्धा तास उभा राहणार असेल तरच. आणि माझी नक्कल करणार असेल तर नको, आवाज स्वतःचा आणावा लागेल. फीचं काही बोलले नाहीत, म्हणजे घेणार. द्यावी पण.

इव्हेंटवाला_भाऊ

एक विचार आला, हसू नका. माझ्याकडे दोन मुली आणि एक मुलगा बाहुल्यांचं काम करतात. काकांनी जूनपासून त्यांना तयार केलं तर डिसेंबरात ट्रॅकशिवाय एक पथक उभं राहील. एकच, बाकीच्यांचं आत्ता बोलत नाही. शिकवण्याचे वेगळे पैसे आणि प्रत्येक शोमागे काकांना काहीतरी. त्यांचा दर काय असेल?

गंगापूररोडकरीण

दर ते स्वतः सांगतील. पण पोस्टरवर नाव कोणाचं, हे दराच्या आधी विचारतील.

पडद्याखालचा

आणि खाली हात घालणाऱ्यांचं?

इव्हेंटवाला_भाऊ

पोस्टरवर जागा किती असते माहीत आहे का? बरं. बारीक अक्षरात, पण टाकू.

कोर्टाची_पायरी

हे सगळं कागदावर घ्या. अक्षर बारीक चालेल. मुदत मात्र यावेळी लिहा.